त्याला बहीन हाय का?

बेलखारच्या जनीबाईंच्या घरी टीव्हीवर चोरी-खुनाची मालिका लागली, की नातवंडं आधी आजीकडे बघतात आणि मग पडद्याकडे. पुढचं ठरलेलं असतं. इन्स्पेक्टर शेवटी चोराला धरतो, बेड्या घालतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि आजी कोपऱ्यातून विचारते, "त्याला बहीन हाय का?" थोरला नातू डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जातो, त्याला सगळ्याच गोष्टींची घाई. तो म्हणतो, "आजी, बहिनीचा काय संबंध? ती गोष्टीतच नाय." आजी म्हणते, "तेच तर मी म्हनतेय," आणि भात झालाय का बघायला उठते. घरात याची भरपूर थट्टा चालते. थट्टा करणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. ज्याला ठाऊक होतं तो तिचा नवरा जनू, आणि तो जाऊन आता बरीच वर्षं झाली.

जनीचं माहेर आणि सासर दोन्ही बेलखारातच. वरच्या आळीत जन्मली, खालच्या आळीत दिली, मधे एक पिंपळ आणि एक विहीर. तिला एकच भाऊ, काळुराम, तिच्याहून थोरला. आई-बाप मिठागरावर राबायचे, आणि हाताला जोर आल्यापासून ही दोघंही. काळुराम सातवी शिकलेला. त्या काळी बेलखारात सातवी म्हणजे जवळजवळ वकीलच. कुणाचं कार्ड आलं की वाचायला त्याला बोलावणं यायचं आणि ही स्वारी शर्टाचं वरचं बटण लावून जायची. जनीला मात्र शाळेत कुणी घातलंच नाही. पोरीला अक्षरं कशाला, मीठ ओढायला अक्षरं लागत नाहीत, असं बापाचं म्हणणं, आणि बापाशी वाद घालण्याची घरात रीत नव्हती.

पण शाळेची कसर काळुरामने वेगळ्याच वाटेने भरून काढली. पेणच्या एस.टी. स्टँडवर जुन्या रहस्यकथांची पुस्तकं मिळायची, खिशात मावतील एवढी, पिवळ्या कागदाची. दुपारी ऊन डोक्यावर आलं की मिठागरावरच्या झावळ्यांच्या झापाखाली बसून तो ती मोठ्याने वाचायचा. जनी पायांच्या भेगांतलं मीठ काडीने काढत ऐकायची. शेवट जवळ आला की हा शहाणा पुस्तक मिटायचा आणि विचारायचा, "सांग, कोन?" जनी सांगायची, आणि ती चुकायचीच. मग तो खुलायचा. एक पुस्तक दोघांच्या विशेष आवडीचं होतं. मोठा बंगला, म्हाताऱ्या बापाचा खून, दोन भाऊ, एक बहीण आणि घरातला मुनीम. दर हंगामात ते एकदा तरी वाचलं जायचं. त्यात मुनीम चोर निघायचा. जनीच्या मनावर याचा एवढा परिणाम झाला, की मिठागराच्या खऱ्याखुऱ्या मुनिमाने एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर ती किंचाळत पळाली होती. बिचारा मुनीम बरेच दिवस तिच्या बापाला विचारत होता, "पोरीला झालं काय?"

"चोर कायतरी मागं ठेवतोच," काळुराम पुस्तक मिटताना म्हणायचा. "आपन नाय ठेवायचं."

हे तो हवेत बोलत नव्हता. दोघंही चोर होते. बेलखारची सगळी भातशेती खाडीच्या पातळीला. खाडी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाच्या पोटात एक उघाडी, म्हणजे लाकडी चौकटीत वरखाली सरकणारं दार. ओहोटीला दार वर घ्यायचं, पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरतीला दार खाली. उघाडीच्या तोंडाशी मासळी गोळा होते, म्हणून तिथे मासे धरायचा हक्क गाव दरसाल लिलावाने एकालाच देई आणि बाकीच्यांनी तिथे जाळं टाकलं तर दंड. काळुराम आणि जनी भरतीच्या वेळी हळूच जायची, दार वीतभर उचलायची, आणि ते परत खाली सरकू नये म्हणून चौकटीच्या खाचेत नारळाचं सोडण, म्हणजे सुकी साल, ठोकायची. सोडण निसटू नये म्हणून त्याला जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला. ही अक्कल जनीची. कोलंबी टोपलीभर आली की सोडण उपसायचं, दार आपल्या वजनाने खाली. ही युक्ती जगात दोघांनाच माहीत होती.

पुढे जनीचं लग्न झालं. जनू हा गडी अतिशय सरळ आणि तितकाच सावकाश. घराला कडी घातली तरी चार पावलं जाऊन परत येऊन कडी हलवून बघणारा. आळीतल्या बायका जनीला चिडवायच्या, की तुझा नवरा तुलासुद्धा दोनदा मोजून घरात घेत असेल. जनी हसायची, पण त्या कडी हलवण्यावर तिचा जीव होता. बापाच्या घरात सगळंच सैल असायचं, शब्दही. इथे जनू म्हणाला येतो, की तो यायचाच.

रोह्याला कारखाने निघाले त्या सुमाराची गोष्ट. बांधावर रात्री पहारा ठेवायचा गावाचा नेम होता, घराघराने पाळी. पिठोरी अमावास्येच्या उधाणाला पाळी जनूची आली. आणि त्या रात्री बांध गेला. उघाडीचं दार वर होतं, खाडीचं पाणी त्यातून घुसलं, उघाडीच्या बाजूची माती खाऊन मोठी खांड पडली आणि पोटरीला येऊ घातलेलं गावाचं भात खाऱ्या पाण्यात गेलं. जनू एकच सांगत राहिला. "मी दार लावलं व्हतं. दोरी बांधली व्हती. हलवून बघितलं व्हतं. मंग दुसऱ्या टोकाला गेलो." मागे आला तेव्हा दार वर होतं आणि कितीही जोर केला तरी खाली बसेना.

सकाळी ओहोटीला सगळं गाव खांड बुजवायला उतरलं. जनी सगळ्यांच्या पुढे, कमरेएवढ्या चिखलात, कारण नवऱ्याच्या पाळीला बांध गेलेला आणि तिला मान वर करायची सोय नव्हती. चौकटीचा आधार घ्यायला तिने हात घातला, आणि खाचेत बोटांना काहीतरी मऊ लागलं. सोडण होतं. जाळ्यात गुंडाळलेलं. पाण्याने फुगून खाचेत असं बसलेलं, की तिला ते विळ्याने टोकरून काढावं लागलं.

तिला सगळं तिथेच कळलं. पोरपणी साध्या भरतीला दोघं ते दोन घटकांत उपसायची, तेवढ्यात सोडण फुगायचं नाही. उधाणाला थोडा वेळ जास्त राहिलं असणार, आणि फुगलं. उपसायला गेला तो काळुराम, त्याच्या हाताला ते आलंच नाही. मग तो पळाला. जनीने सोडण ओच्यात लपवलं आणि पुन्हा चिखल उचलायला लागली. शेजारच्या बाईने विचारलं, "काय गो, काय सापडलं?" जनी म्हणाली, "काय नाय. लाकूड."

गावकी देवळापुढे बसली. माणूस ओळखायला गावाला वर्षं लागतात आणि वाळीत टाकायला एक दुपार पुरते. जनू पाळीला झोपला, दार लावायचं राहिलं, आता अंगावर येऊ नये म्हणून खोटं बोलतो, असं ठरलं. त्याच्या घराशी कुणी बोलायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. पंचांनी विचारलं, "हाय का मान्य?" सगळे म्हणाले, "हाय." काळुरामही त्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली होती, पण "हाय" तोही म्हणाला. जनीने बायकांतून ते ऐकलं.

चार दिवसांनी गणपती. बेलखारात आरती घराघराने फिरते, झांजा आणि पोरांचा कालवा आळीभर चालतो. त्या वर्षी झांजा शेजारच्या घरात वाजल्या आणि जनूचं घर टाळून पुढल्या घरात वाजल्या. जनूने एकट्याने आरती म्हटली. आवाज त्याचा आधीच बारीक, त्यात मधली ओळ विसरला, आणि सांगायला कुणी नव्हतं. विहिरीवर जनी आली की बायका पोहरे वर ओढून घ्यायच्या. काल-परवापर्यंत नवऱ्यावरून चिडवणाऱ्या याच बायका. त्या वाईट होत्या असं नाही. घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस फार पटकन दगड होतं.

अशात एक नवल सुरू झालं. परसात पहाटे टोपलीखाली कुणीतरी मासळी ठेवून जाऊ लागलं. कधी कोलंबी, कधी निवट्या, एकदा चांगली मोठी चिंबोरी. जनूला ती टोपली दिसली की त्याचा चेहरा उजळायचा. "बघ गो," तो म्हणायचा, "गावात अजून एक मानूस हाय." जनी ती मासळी रांधायची. स्वतःच्या ताटात मात्र घ्यायची नाही. कोण ठेवतं ते तिला टोपलीच्या विणीवरून समजत होतं, बापाच्या हातची वीण होती ती, आणि तसली टोपली आता काळुरामच्याच घरी होती.

शेवटी ती खाडीकाठच्या खाजणात गेली. काळुराम जाळं वाळत घालत होता. तिने ओच्यातलं सोडण काढून त्याच्यापुढे धरलं.

"जिताडा पायजे व्हता," तो म्हणाला. "रोह्याच्या कंत्राटदाराला जेवनात द्यायला. कारखान्यात चिकटवतो म्हनला व्हता. जिताडा उधानालाच आत येतो, तुला म्हाईत हाय."

"मंग गावकीत सांग."

"सांगतो. पन आता नाय. नोकरीचं होऊ दे. एकदा रोह्याला गेलो, की गावानं टाकलं तरी माजं काय जानार?"

"आनि तवर हे?"

"जनूभाव कबूल झाला, की घेतील त्याला परत. रीतच हाय तशी. पाया पडायचं, जेवन घालायचं, मिटलं." तो तिच्याकडे बघेना. "जने, मला दोन पोरं हायत गो."

जनी सोडण घेऊन परत आली. तिला त्याचा राग आला होता आणि तेवढीच त्याची दयाही आली होती. झापाखाली वाचणारा तो सातवी पास पोरगा तिला सारखा दिसत होता. काय करावं ते कळेना, म्हणून तिने काहीच केलं नाही. दिवस गेले. रोह्याचा निरोप आला नाही, काळुराम बोलला नाही.

आणि मग एका दुपारी जनू पडवीत बसल्या बसल्या म्हणाला, "जने, मी झोपलो आसंन गो."

"काय बोलताय तुमी?"

"समदा गाव सांगतो. येवढी मान्सं खोटी कशी आसतील? मला वाटतं मी दोरी बांधली, पन सपनात बांधली आसंल." मग म्हणाला, दसऱ्याला देवळापुढे जाऊन गावाच्या पाया पडतो, झोपलो म्हणून सांगतो, जेवण घालतो. पोरांना तरी कुणी बोलेल. त्या संध्याकाळी तो घराला कडी घालून निघाला आणि परत येऊन त्याने ती हलवून बघितली नाही. जनीने हे पाहिलं.

आता गंमत बघा. ती गप्प राहिली असती तर सगळ्यांचं भलं होतं. जनू कबूल होणार, गाव त्याला पोटात घेणार, भाऊ सुखरूप, माहेर शाबूत. जाणार होती ती फक्त एक गोष्ट, जनूने दार लावलं होतं ही. आणि जनूपाशी दुसरं होतं काय?

दसऱ्याला गाव देवळापुढे बसलं. जनूने टोपी काढून पायाशी ठेवली आणि तोंड उघडलं. "त्या राती मी," एवढं तो बोलला, आणि बायकांतून जनी उठली. बेलखारच्या गावकीत त्याआधी बाई बोललेली नव्हती. तिने सोडण पंचांपुढे ठेवलं.

"हे उघाडीच्या खाचेत व्हतं. दार यांनी लावलं व्हतं. ज्यानं उचललं त्यानं हे ठोकलं. हे कसं ठोकायचं ते दोघांनाच म्हाईत हाय. एक मी. आनि मी त्या राती पोरांजवळ घरात व्हते."

"दुसरा कोन?" पंचांनी विचारलं.

जनीला ते झापाखालचं विचारणं आठवलं. सांग, कोन? जन्मभर तिचं उत्तर चुकत आलं होतं.

"माजा भाव," ती म्हणाली.

काळुराम उठला नाही, नाकबूलही झाला नाही. गावकीला काय, तीच शिक्षा तयार होती, फक्त घर बदललं. जनूला टोपी परत डोक्यावर ठेवायला सांगण्यात आलं. पंचांनी विचारलं, "हाय का मान्य?" सगळे म्हणाले, "हाय." जनीचं तोंड उघडलं नाही, पण तिला कुणी विचारतही नव्हतं.

जनू खूष होईल असं कुणालाही वाटेल. घरी आल्यावर त्याने एकच विचारलं, "तुला कवापास्नं म्हाईत व्हतं?"

"पैल्या दिसापास्नं."

मी वेडा होत चाललो होतो आणि तू बघत होतीस, हे तो बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने जेवून हात धुतला आणि बाहेर जाऊन झोपला. परसातली टोपली येणं बंद झालं, आणि मासळी कोण ठेवत होतं हे त्याला तेव्हाच समजलं असावं, कारण त्याबद्दल त्याने कधी विचारलं नाही.

भाऊबीज आली. जनीने करंज्या केल्या, ताट केलं, नवं लुगडं नेसली. जनू पडवीत होता. काळुरामचा उंबरा ओलांडला तर पुन्हा वाळीत, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने तिला अडवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ती पिंपळाखालून, विहिरीवरून वरच्या आळीत गेली. दिवेलागण झाली होती. दारोदार बाया उभ्या होत्या. काळुरामचं दार बंद होतं.

"काळूदादा," तिने हाक मारली.

आतून आवाज आला, "माघारी जा, जने. मी दार उघडनार नाय. उघडलं तर उद्या तुज्या पोरांला कोन हाक मारनार नाय."

"नको उघडू. मी हितूनच ओवाळते."

तिने बंद दाराला ओवाळलं. दाराच्या फळीवर कुंकू लावलं, वर अक्षता टेकवल्या, करंज्या पायरीवर ठेवल्या. निरांजन वाऱ्याने हलत होतं म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरला होता. ती वळणार, तेवढ्यात बाजूच्या खिडकीच्या गजांतून हात बाहेर आला. नुसता हात. तिने ताट पुढे केलं. हाताने ताटात एक पुस्तक ठेवलं, पिवळ्या कागदाचं, कोपरे झिजलेलं.

"दुसरं काय नाय गो घरात," आतून आवाज आला.

तिने त्या हाताला कुंकू लावलं. भाऊ आत रडत होता की नाही हे तिला कळलं नाही. ती मात्र घरी येईपर्यंत रडत होती, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. उंबरा ओलांडला नव्हता, म्हणून गावाने ते न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी काळुराम बायको-पोरांना घेऊन रोह्याला गेला. कारखान्यात काही चिकटला नाही, कुठेशी गोदामात हमाली करू लागला. काही वर्षांनी गावाने माफ केलं, निरोप धाडला. तो आला नाही. जनी एकदा गेली रोह्याला, तेव्हा भेटला, चहा पाजला, स्टेशनवर पोचवायला आला. दोघं पिकापाण्याबद्दल बोलली. मग तो गेल्याचंच कळलं.

पुस्तक भाताच्या कणगीवर पडून होतं. जनीला वाचता येत नव्हतं, पण वरच्या चित्रातला बंगला तिने ओळखला होता. पुढल्या पावसाळ्यात एका दुपारी, जनूशी अजून कामापुरतंच बोलणं होतं तेव्हा, तिने ते त्याच्यापुढे ठेवलं. "शेवट तेवढा वाचा," म्हणाली. "मला तोंडपाठ हाय, पन वाचा." जनू चौथीपर्यंत शिकलेला, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचणारा. त्याने सुरुवात केली. इन्स्पेक्टर आला. सगळे दिवाणखान्यात जमले. मुनीम रडत होता. जनी म्हणाली, "आता धरतील त्याला." जनू वाचत राहिला. मुनिमाला कुणी धरलं नाही. बहीण उठली आणि तिने धाकट्या भावाकडे बोट दाखवलं.

"परत वाचा," जनी म्हणाली.

त्याने परत वाचलं. तेच होतं. दर हंगामात, झापाखाली, काळुराम ह्या पानावर आला की डोळे पुस्तकात ठेवूनच दुसरं काहीतरी सांगायचा, आणि तिला कधी कळलं नव्हतं.

"मंग फुडं?" तिने विचारलं. "त्या बहिनीचं काय झालं?"

जनूने पान उलटलं. मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती. त्याने तीही बोटाने चाचपून पाहिली, मग पुन्हा आधीचं पान काढून खालपर्यंत बघितलं, कडी हलवून बघावी तसं.

"फुडं काय नाय गो," तो म्हणाला. "चोर घावला, की संपलं."

आणि बऱ्याच महिन्यांनी तो तिच्याजवळ सरकून बसला.